मदत हवी आहे: १९ जूनला आई-बाबा येतायत आणि त्याच दिवशी आमच्या दारात जर्मनीची मॅच!

नेकारकाठी (५ जून २०२४)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी स्टुटगार्टला असते, त्यातही बाड कानस्टाटला, म्हणजे स्टेडियम आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं. घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं की इथे युरो २०२४ च्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या ५ मॅचेस आहेत, आणि सांगितलं असतं तरी मला काय कळणार होतं, आमच्या घरी फुटबॉल कुणी बघत नाही. आता १४ जूनपासून १४ जुलैपर्यंत हा सगळा प्रकार चालणार आणि आई-बाबांची तिकिटं मी फेब्रुवारीतच काढून बसलेय, १९ जून, बुधवार. विमान दुपारी सव्वाबाराला फ्रँकफर्टला उतरतं. आणि काल ऑफिसमध्ये कळलं की १९ तारखेला संध्याकाळी ६ ला जर्मनी विरुद्ध हंगेरी, इथेच!! कलीग म्हणाली, त्या दिवशी तू कानस्टाटला कशी पोचतेस ते मला बघायचंय, आणि हसायला लागली.

माझा प्लॅन असा होता की मी सकाळी एअरपोर्टला जायचं, दोघांना घ्यायचं, दोनच्या सुमाराची गाडी धरायची, सव्वा तासात स्टुटगार्ट, तिथून एस-बान (इथली लोकल) पकडून एका स्टेशनवर घर. आता दोघांचं मिळून चार मोठ्या बॅगा, आईचा गुडघा, आणि समोरून ५०,००० माणसं. टॅक्सी करू का? की फ्रँकफर्टलाच एक रात्र राहावं? हॉटेलांचे भाव बघितले तर डोळे पांढरे झाले.

अजून काही प्रश्न आहेत, एकत्रच विचारते.

बॉर्डरवर चेकिंग सुरू होणार म्हणतात, त्याचा आई-बाबांच्या शेंगेन व्हिसाला काही त्रास? एका रविवारी त्यांना फ्रान्सला, स्ट्रासबुर्गला न्यायचं मनात आहे.

मुलगी चौदा महिन्यांची आहे, काही मॅच रात्री ९ ला सुरू म्हणजे ११ पर्यंत आरडाओरडा, इथे तर रात्री १० नंतर शांतता पाळायचा नियम आहे ना? नाहीतर आमच्या खालच्या आजी मी साडेदहाला मिक्सर लावला तर दार वाजवतात.

बाबांना क्रिकेट बघायचंय, टी-२० वर्ल्ड कप त्याच वेळी आहे, ते म्हणतायत मी फुटबॉलसाठी येत नाहीये.

आणि शेवटचं, ऑफिसमध्ये सगळ्यांनी टिपश्पील नावाचं काहीतरी सुरू केलंय, प्रत्येक मॅचचा स्कोअर आधी सांगायचा, पाच युरो भरायचे. बॉस स्वतः येऊन विचारून गेला. मला ऑफसाइडही कळत नाही. नाही म्हटलं तर चालतं का?

जुना_रहिवासी

स्वागत आहे ताई. मी २००६ चा वर्ल्ड कप इथेच काढलाय, तिसऱ्या नंबरची मॅच आपल्याच गावात झाली होती, जर्मनीने पोर्तुगालला ३-१ हरवलं, आणि सेमीफायनल हरलेली टीम असूनही लोक असे नाचत होते की मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं आणि हेच जिंकले वर्ल्ड कप.

फ्रँकफर्टचं हॉटेल अजिबात करू नका. तुमचा प्लॅन फक्त तीन तास पुढे ढकला. गर्दी मॅचच्या आधी असते आणि नंतर असते. मॅच सुरू असताना कुणीही नसतं. सहाला शिट्टी वाजली की ज्यांच्याकडे तिकीट आहे ते आत असतात, ज्यांच्याकडे नाही ते श्लॉसप्लात्झ चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर किंवा घरी टीव्हीपुढे. तुम्ही सव्वासहाच्या आसपास मुख्य स्टेशनला उतरलात तर एस-बानमध्ये बसायला जागा मिळेल, लिहून घ्या. साखळी सामना आहे, म्हणजे एक्स्ट्रा टाइम नाही, पावणेआठ-आठच्या दरम्यान संपणार. त्याआधी दार लावून घरात असायला हवं एवढंच बघा.

टॅक्सी नको. मॅचच्या दिवशी स्टेडियमच्या बाजूचे रस्ते बंद असतात, मीटर चालू राहतं आणि शेवटी बॅगा घेऊन चालावं लागतंच.

कानस्टाटकर

+१. फक्त एक भर. एस१ मध्ये बसू नका, ती पुढे नेकारपार्कला म्हणजे थेट स्टेडियमला जाते, उशीर झालेले सगळे त्यातच घुसतात. एस२ किंवा एस३ घ्या, दोन्ही बाड कानस्टाटला थांबतात.

आणि मुख्य स्टेशनचं खोदकाम विसरू नका. नवीन भुयारी स्टेशनचं काम २०१० पासून चालूच आहे, त्यामुळे लांब पल्ल्याच्या फलाटावरून एस-बानपर्यंत बरंच चालावं लागतं. आईंचा गुडघा आणि चार बॅगा म्हणजे निवांत वीस मिनिटं धरा. ढकलगाडी मिळेल या भरवशावर राहू नका. नवरोबांना थेट फलाटावर बोलवा, बाळ सोबत असलं तरी चालेल, आजी-आजोबा बाळ बघून गुडघा विसरतात.

मानहाइमची_मीरा

काका मला हे पटलं नाही. दहा-बारा तासांचा प्रवास करून आलेल्या साठी-पासष्टीच्या माणसांना तुम्ही एअरपोर्टवर तीन तास बसवणार? माझ्या सासूबाईंनी मला तिथेच परतीचं तिकीट काढायला लावलं असतं.

माझं म्हणणं, दोनचीच गाडी घ्या, स्टुटगार्टला उतरा आणि उलट्या दिशेला जा. फायहिंगेन नाहीतर ब्योब्लिंगेन साइडला कुणी ओळखीचं असेल तर तिकडे चहा, अंघोळ, थोडं आडवं होणं, आणि मग सहानंतर सावकाश घरी. गर्दी सगळी कानस्टाटकडे जाणार, तुम्ही विरुद्ध बाजूला. काकांची वेळ बरोबर आहे, फक्त बसायची जागा बदला.

जुना_रहिवासी

हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. आम्ही फायहिंगेनलाच राहतो, स्टेशनच्या मागेच. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या हिला कुणी भारतातून थेट आलेलं माणूस भेटलं की आनंदच होतो, ताजी भाकरवडी आणली असेल तर जास्त.

एक मात्र बघा, गाडीचं तिकीट स्वस्तातलं काढू नका. श्पारप्राइसला त्या ठरावीक गाडीचंच बंधन असतं, विमान उशिरा आलं तर ते तिकीट वाया. फ्लेक्सप्राइस महाग पडेल पण त्या दिवशी कुठलीही गाडी धरता येते. उलट गाडीच लेट असेल, म्हणजे पोचायला २० मिनिटांच्या वर उशीर होणार असेल, तर श्पारप्राइसवालाही दुसरी गाडी घेऊ शकतो, पण विमानाचा उशीर त्यात धरत नाहीत.

पासपोर्टवाला

व्हिसाचं टेन्शन घेऊ नका. भारतातून किंवा आखातातून येणारं विमान असेल तर फ्रँकफर्टला पासपोर्ट चेक नेहमीच होतो, त्यात नवीन काही नाही. स्पर्धेच्या काळात जर्मनीने शेजारी देशांच्या बॉर्डरवर तात्पुरती तपासणी लावलीय, त्याचा संबंध तुमच्या स्ट्रासबुर्गच्या ट्रिपशी येतो. जाताना फ्रान्सला मजा, परत येताना केलला, म्हणजे बॉर्डरवरच्या जर्मन गावी, पोलीस गाडीत चढू शकतात. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो नाही, आणि तुमचं रेसिडेन्स कार्डपण. बाळाचा पासपोर्ट लोक हमखास घरी विसरतात.

बाकी आवाजाचं, रात्री १० ते सकाळी ६ चा नियम आहेच, पण मोठ्या स्पर्धांच्या वेळी सरकार खास नियम काढून मोठ्या पडद्यावरच्या जाहीर कार्यक्रमांना १० नंतर सूट द्यायची सोय करतं. ती सूट श्लॉसप्लात्झसारख्या ठिकाणांना, शेजाऱ्याच्या बाल्कनीला नाही. गाड्यांचे हॉर्न हा तिसराच प्रकार. मॅच जिंकली की झेंडे लावून गाड्यांची मिरवणूक निघते, फक्त जर्मनीची नाही, तुर्कस्तान जिंकलं तर जास्त मोठी. ती बहुतेक सिटीत थिओडोर-ह्यूस-स्ट्रासेवर असते पण कानस्टाटलाही ऐकू येईल. तक्रार करून उपयोग नाही, बाळाची खोली मागच्या बाजूला करा महिनाभर.

आकडेमोड्या

टिपश्पीलला नाही म्हणू नका!!! बाकी वर्षभर जे लोक लिफ्टमध्ये फक्त मोर्गन (गुड मॉर्निंग) म्हणतात ते या महिन्यात स्वतःहून बोलायला येतात. फुटबॉल कळायची अजिबात गरज नाही, उलट कळणारेच हरतात कारण ते डोकं लावतात.

बहुतेक ऑफिसं त्यासाठी किकटिप नावाचं अ‍ॅप वापरतात. नेहमीची पद्धत अशी की बरोब्बर स्कोअर आला तर ४ पॉइंट, गोलांचा फरक बरोबर आला तर ३, नुसता कोण जिंकणार ते बरोबर आलं तर २. म्हणजे ४-० वगैरे लिहून शायनिंग मारण्यात अर्थ नाही. ज्या टीमला सगळे भारी म्हणतात तिला २-१ किंवा १-० द्या आणि विसरून जा. मॅच सुरू व्हायच्या आत टाकावं लागतं, म्हणून रविवारी बसून आठवड्याचं एकदम भरा. बोनस प्रश्न असतात, चॅम्पियन कोण वगैरे, ते पहिल्या मॅचच्या आधी. आणि बाद फेरीत एकदा विचारून घ्या की ९० मिनिटांचा स्कोअर धरतात की पेनल्टीसकटचा, आमच्याकडे यावरून दोन डिपार्टमेंटचं बोलणं बंद झालं होतं.

क्रिकेटचं सोपं आहे. भारताच्या मॅचेस आपल्या रात्री ८ ला म्हणजे इथे दुपारी साडेचारला. इथला कुठलाच चॅनेल दाखवणार नाही, अ‍ॅप शोधा. फुटबॉल मात्र एआरडी-झेडडीएफ या सार्वजनिक चॅनेलांवर बरंच दिसतं, त्यांच्या वर्गणीचे महिन्याचे १८.३६ युरो आपण भरतोच, टीव्ही असो नसो, तर या महिन्यात वसूल करा.

नेकारकाठी (१ जुलै)

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय पण घरात माणसं आहेत, समजून घ्या.

१९ ला मीराताईंचा प्लॅन आणि काकांची वेळ असं दोन्ही केलं. विमान पाऊण तास लेट, फ्लेक्सप्राइस होतं म्हणून काही बिघडलं नाही. स्टुटगार्टला उतरलो तर स्टेशनभर पांढऱ्या आणि लाल जर्सी, गाणी, आई घाबरून माझा दंड धरून चालत होती. फायहिंगेनच्या गाडीत मात्र शांतता. काकूंनी वरण-भात केला होता, बाबा तिथेच झोपले!! साडेसहाला निघालो, एस३ मध्ये आमच्या डब्यात आम्ही आणि एक कुत्रा. कानस्टाटच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि मधेच सगळ्या खिडक्यांमधून एकदम ओरडण्याचा आवाज, जर्मनीचा दुसरा गोल. साडेसातला घरात.

त्यानंतरच्या रविवारी स्कॉटलंडची मॅच होती. श्लॉसप्लात्झवर आईला नेलं तर हजारो बाप्ये किल्टमध्ये, पिपाण्या वाजवतायत. आई म्हणाली एवढ्या उन्हात लोकरीचा परकर, कमाल आहे यांची, आणि त्यातल्या एकाने तिच्यासोबत फोटो काढला तो आता आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी आहे. बिचारे शंभराव्या मिनिटाला गोल खाऊन हरले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात त्याबद्दल स्वतःहून बोलले, बॉस चाटच पडला.

परवा २९ ला तर कहरच झाला. साडेचारला फायनल सुरू, बाबा सोफ्यावरून हलले नाहीत, आठच्या सुमाराला सूर्याचा तो कॅच आणि मग ७ रन्सनी जिंकलो, बाबा बाल्कनीत जाऊन ओरडले. समोरच्या बाल्कनीतला माणूस गोंधळला, कारण जर्मनी-डेन्मार्क ९ ला सुरू होणार होती. त्याला सांगितलं आम्ही वर्ल्ड चॅम्पियन झालो, तर त्याने बाटली उंचावली. मग बाबा स्वतः म्हणाले लाव त्यांची मॅच, बघू तरी. डॉर्टमुंडला विजा-पाऊस, मॅच मधेच थांबली, बाबा विचारतात डकवर्थ-लुईस आहे का यांच्यात.

टिपश्पीलमध्ये मी मधोमध आहे, बॉसच्या वर. चॅम्पियन म्हणून फ्रान्स टाकलाय कारण एम्बाप्पे सोडून एकही नाव माहीत नव्हतं, त्याचं पहिल्याच मॅचला नाक मोडलं.

आता नवीन अडचण. शुक्रवारी ५ जुलैला परत इथेच, परत ६ ला, जर्मनी-स्पेन क्वार्टरफायनल. मी हाफ डे टाकून दोघांना एसलिंगेनला न्यायचं ठरवलं होतं, जुनं गाव, लाकडी पट्ट्यांची घरं, आईला बघायचंच आहे. निघायला एक वाजेल. मॅच चालू असताना परत यायचं ना? सात-सव्वासातला?

कानस्टाटकर

यावेळी थोडं वेगळं आहे. एसलिंगेनहून येणारी एस१ नेकारपार्क करतच कानस्टाटला येते, म्हणजे तुम्ही स्टेडियमच्या पोटातून येणार. सातला निघालात तर ठीक, पण जरा रेंगाळलात आणि पावणेआठला नेकारपार्कला गाडी थांबली तर संपलं. आणि बाद फेरी आहे, बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम, मग साडेआठ, पेनल्टी गेली तर पावणेनऊ. कधी सुटेल ते कुणालाच सांगता येणार नाही.

जातानाही बघा, एकला निघालात तर ठीक, तीननंतर नको.

मानहाइमची_मीरा

मी तर म्हणते परत यायची घाईच करू नका. तिथेच बाजारचौकात कुठेतरी पडदा लावलेला असेल, बाबांना आता गोडी लागलीय, बघू दे त्यांना. जेवून साडेदहाला निघा. बाळाचं काय पण?

नेकारकाठी

बाळ नवऱ्याकडे, तो म्हणतो मी घरूनच बघतो. साडेदहा आईला उशीर वाटेल पण बाबांना विचारलं तर ते म्हणाले चालेल, पेनल्टी गेली तर बघायची आहे मला.

आकडेमोड्या

बाबांचं टिपश्पील खातं उघडा आधी. आणि स्पेन २-१ टाका, ऑफिसात कुणाला सांगू नका.