खरचटलं तरी रक्त का येत नाही?

कुणीतरी विचारलंय, की हलकं खरचटलं तर साल निघते, पण रक्त का येत नाही? कारण अभिस्तर ऊतीत, म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा थर आणि तोंड-आतड्याचं आतलं अस्तर ज्या पेशींचं बनतं त्या थरात, रक्तवाहिन्याच नसतात. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या, त्यांच्याखाली एक पातळ पटल, आणि अन्न-ऑक्सिजन त्याच्याही खालच्या थरातून झिरपत वर येतो. रक्त दिसलं म्हणजे जखम अभिस्तराच्या खाली गेली.

शिवाय ही ऊती सतत नवी होत असते. लहान आतड्याचं अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत बदलतं, त्वचेच्या वरच्या थराला महिनाभर तरी लागतो. गरम चहाने पोळलेलं तोंड पटकन बरं होतं ते यामुळेच.

पण तिलाही किती सोसवणार? माझ्या मामांना सुपारी-गुटख्याची सवय. गालाच्या आतलं गुलाबी, मऊ अस्तर पांढरट आणि ताठ झालंय. तोंडात जेमतेम दोन बोटं मावतात, भाकरी दुधात कुस्करून खातात. सुपारीने अस्तर पातळ होतं, खालचा थर तंतूंनी आखडतो, आणि कर्करोगाचा धोका वाढतो. गालात पांढरा चट्टा दिसत असेल किंवा साध्या तिखटानेही आग होत असेल, तर कृपा करून दाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. मामांनी दोन वर्षं अंगावर काढलं.