मदत हवी आहे: गळाला लागलेली मासळी हर्णैहून पुण्यापर्यंत ताजी कशी आणायची?

खडपावरचा

नमस्कार मंडळी,

जमेल तेव्हा शनिवार-रविवार रॉड घेऊन आंजर्ले-हर्णैच्या बाजूला जातो. खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांवरून) पालू, तांबोशी, मुडदुशी, नशीब असेल तर गोबरा. जेटीवरून बांगडा लागायला लागला की मग विचारू नका. मासे लागत नाहीत अशी तक्रार नाही (म्हणजे आहे, पण तिचा धागा वेगळा काढेन). अडचण त्यापुढची आहे. पहाटे लागलेला मासा रात्री पुण्यात कढईत पडेपर्यंत त्यातली मजा गेलेली असते. पोट मऊ पडतं, तुकडी उचलली की मांस थराथराने सुटतं, बांगडा तर डबा उघडल्या उघडल्या वास मारतो. आणि बंदरावरच्या लिलावात घेतलेली सुरमई त्याच गाडीतून, त्याच ताम्हिणी घाटातून येऊन घट्ट राहते!

सध्याची पद्धत अशी: मासा लागला की दोरीत ओवून खडपातल्या डबक्यात सोडतो. निघताना बंदरावरून बर्फ घेतो, थर्माकोलच्या डब्यात खाली थोडा, वर थोडा. साफसफाई घरी.

पोट तिथेच फाडावं की मासा अख्खा आणावा? नळाच्या पाण्याने धुतलेला चालतो का? बर्फ नेमका किती? आणि उरलेली मासळी फ्रीजरमध्ये हळद-मीठ लावून ठेवायची की नुसती? घरमालक शाकाहारी आहेत, त्यामुळे बाल्कनीत खवले उडवता येत नाहीत. जे काम तिकडेच उरकेल ते बरं.

ओहोटीची वेळ

दादा, तुमचा मासा गाडीत नाही, त्या डबक्यात खराब होतोय. आपल्याकडे समुद्राचं पाणीच वर्षातले बरेच महिने २८-३० अंशांच्या आसपास असतं. खडपातलं डबकं उन्हाने त्याहून तापतं. दोरीतला मासा जिवंत आहे तोवर ठीक, पण तो कधी मरतो ते आपल्याला कळत नाही, कारण आपलं लक्ष रॉडच्या टोकावर. मेलेला मासा कोमट पाण्यात तीन-चार तास राहिला तर पुढे कितीही बर्फ घाला, गेलेलं परत येत नाही. लिलावातली सुरमई बोटीवरच बर्फात गेलेली असते, म्हणून ती टिकते.

मी बर्फ निघताना नाही, जाताना घेतो. मासा लागला की डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, लाकडाचा एकच नेमका ठोसा. तडफडत ठेवायचा नाही. तडफडून मेलेला मासा लवकर ताठ होतो आणि लवकर सैलही पडतो. तांबोशी, जिताडा, रावस असा अंगाने मोठा असेल तर लगेच गळ्याखाली, कल्ल्यांपाशी कापून समुद्राच्या पाण्याच्या बालदीत डोकं खाली करून पाच-दहा मिनिटं रक्त जाऊ द्यायचं. मुडदुशीला एवढा सोपस्कार नको, सरळ बर्फात.

बर्फाची लादी

मासळी प्रक्रियेच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

बर्फ किती? आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ हा साधा हिशेब. पाच किलो मासा, पाच किलो बर्फ. उन्हाळा आणि सहा तासांची गाडी असेल तर दीडपट धरा. लादीचे मोठे तुकडे टाकून उपयोग नाही. मासा आणि बर्फ यांच्यामध्ये हवा राहिली की मासा गार व्हायला फार वेळ घेतो. चुरा हवा, आणि तो माशाच्या सगळ्या बाजूंनी हवा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे काला. दोन भाग चुरा बर्फ, एक भाग समुद्राचं स्वच्छ पाणी. खारेपणामुळे तो शून्याच्याही किंचित खाली जातो, आणि पाणी सगळीकडून लागत असल्यामुळे मासा नुसत्या बर्फापेक्षा पुष्कळ लवकर गार होतो. खडपावर हाच डबा जवळ ठेवा. गाडी निघताना मात्र पाणी काढून टाका आणि बर्फ-मासा-बर्फ असे थर लावा. डब्याला तळाशी बारीक भोक आणि बूच असू द्या. वितळलेल्या गोड्या पाण्यात मासा तासन्‌तास तरंगला तर मांस पाणी धरतं आणि चव निघून जाते. हेच उत्तर नळाच्या पाण्याला: झर्रकन धुवायला हरकत नाही, भिजत ठेवायचं नाही.

बांगड्याबद्दल वेगळं लिहितो, कारण तिथे प्रश्न फक्त चवीचा नाही. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या जातींत मासा गरम राहिला की जिवाणू हिस्टामिन तयार करतात. एकदा तयार झालं की तळून, उकळून किंवा गोठवून ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल होणं, जिभेला चुरचुर, डोकं दुखणं, अंगावर गांध्या. लोक समजतात माशाची अ‍ॅलर्जी झाली. बांगडा गळावरून सुटला की काल्यात, मध्ये थांबा नाही. आणि डबा उघडताच वास मारणारा बांगडा कोकमाचं आगळ लावून खपवू नका, टाकून द्या. वास आला नाही म्हणजे हिस्टामिन नाही असंही नसतं, म्हणून भरवसा बर्फावरच.

खडपावरचा

बापरे, बांगड्याचं हे माहीतच नव्हतं. मग पोट तिथे फाडायचं की नाही?

वेंगुर्लेकरीण

आमची आजी कोणालाही पहिलं हेच सांगायची: आधी बर्फ घे, मगे गरी (गळ) टाक. ते वर दोघांनी सांगितलंच आहे, मी साफ करण्याचं सांगते.

तुमचा प्रवास लांबचा, तेव्हा पालू, तांबोशी, गोबरा यांची पोटं तिथेच काढा. ज्या माशाने नुकतंच काही खाल्लेलं असतं त्याच्या पोटातले रस पोटाची भिंत आतून पोखरतात. तुमची पोटं मऊ पडतात ती त्यामुळेच. सुरीचं टोक मागच्या भोकापासून गळ्याकडे न्यायचं, पण वरवर. खोल गेलं की पित्त फुटतं, मग ती कडू चव मसाल्यालाही दबत नाही. फुटलंच तर हिरवा डाग लगेच धुवा आणि तेवढं मांस खरवडून काढा. आतडी आणि कल्ले दोन्ही काढायचे. कल्ले राहिले तर अर्धं काम झालं. मग मधल्या काट्याला लागून आत रक्ताची काळपट रेघ दिसेल, तिच्यावरचा पडदा फाडून जुन्या टूथब्रशने घासून काढा. बहुतेक लोक हे सोडतात आणि मग माशाला वास येतो म्हणतात. गाबोळी (माशाची अंडी) असेल तर वेगळ्या पिशवीत, ती मला कुरिअर करा.

पोट रिकामं केलं की त्यात चुरा बर्फ भरा. फाडून नुसतं ठेवण्यापेक्षा न फाडलेला बरा.

खवले मात्र तिथे काढू नका. खवल्यांसकट कातडी मांस सांभाळते. घरी सिंकमध्ये पाणी भरून मासा पाण्याखाली धरायचा आणि शेपटीकडून डोक्याकडे खरवडायचं, एकही खवला उडत नाही. घरमालकांना पत्ता लागणार नाही, तळणाचा वास लपवायचा तुमचा तुम्ही बघा.

बर्फाची लादी

ताईंना दुजोरा. एक भर: मांस थराथराने सुटतं म्हणालात ना, त्याला आणखी एक कारण असतं. मासा मेल्यावर काही तासांनी ताठतो. तो ताठलेला असताना डब्यात बसवायला वाकवला किंवा त्याच्या तुकड्या केल्या तर आतले थर फाटतात. आधी सरळ ठेवा, डबा लांबीचा घ्या, आणि तुकड्या ताठरपणा उतरल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी करा. गार ठेवलेला मासा एक दिवसाने उलट जास्त चांगला लागतो, असं माझं मत. कोकणात हे बोललो की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

ओहोटीची वेळ

बघणारच. आजचा मासा आज!

डोंबिवलीकर फास्ट

फ्रीजरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. दुसऱ्या दिवशी खायचा असेल तर फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात, ताटलीवर बर्फ आणि त्यावर पिशवीत मासा. त्याच्या पुढचं सगळं गोठवायचं, उणे १८ वर. घरचा फ्रीजर हळू गोठवतो, त्यामुळे जाड गठ्ठा आत टाकला की बर्फाचे कण मोठे होतात आणि बर्फ सुटताना मांसातून पाणी गळतं. एका वेळेला लागतील तेवढ्याच तुकड्या, एका थरात चपट्या, पिशवीतली हवा दाबून काढून, वर तारीख. मुडदुशीसारखी बारीक मासळी डब्यात पाण्यात बुडवून पाण्यासकट गोठवा, हवाच लागत नाही.

हळद-मीठ एक-दोन दिवसांसाठी ठीक. महिनाभर ठेवायचं असेल तर मीठ नको, विशेषतः बांगड्याला. मिठाने तेलकट मासा लवकर खवट होतो. तेलकट मासा दोन-तीन महिन्यांत संपवा, पालू-तांबोशी सहा महिने जाते. गोठलेली मासळी वितळू द्यायची फ्रीजमध्ये, रात्रभर. ओट्यावर नाही.

खडपावरचा

सगळ्यांचे आभार, डबा बदलतोच. दोन शंका राहिल्या. खाडीत गेलो की शिंगाळा लागतो, तो हाताळायचा कसा? आणि पहाटे बंदरावर बर्फ मिळालाच नाही तर?

ओहोटीची वेळ

शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि दोन बाजूंचे दोन काटे विषारी असतात. मेल्यावरही टोचतात. जाड फडक्याने डोकं दाबून धरा आणि गरी काढायच्या आधी तिन्ही काटे पकडीने मुळाशी मोडा. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. सूज वाढली किंवा तुकडा आत राहिला तर डॉक्टर. आणि फुगणारा केंड लागला तर परत सोडून द्या, तो कसाही साफ केला तरी खायचा नाही.

बर्फाचं म्हणाल तर पुण्याहूनच दोन लिटरच्या बाटल्या पाण्याने भरून, गोठवून न्या. त्या चुऱ्यापेक्षा हळू वितळतात. बंदरावर चुरा मिळाला तर सोबत, नाही मिळाला तर बाटल्या आणि समुद्राचं पाणी, वेळ निभावते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा तर बर्फ मिळेलच असं धरूच नका. तसंही त्या दिवसांत खडपावर उभं राहू नये, लाट सांगून येत नाही.

वेंगुर्लेकरीण

आणि साफ केलेली आतडी-कल्ले खडपावर टाकून येऊ नका हो. पाण्यात लांब टाका. दुसऱ्या दिवशी तिथे बसणाऱ्याचा पाय घसरतो, आणि शिव्या सगळ्या पुणेकरांना बसतात.