मदत हवी आहे: कॉन्सर्ट घ्यावा की टेनर युकुलेले?

मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. सध्या सोप्रानो वाजवतो, म्हणजे चार तारांच्या या गिटारसारख्या छोट्या वाद्याचा लहान आकार; कॉन्सर्ट आणि टेनर त्याहून क्रमाने मोठे. माझी बोटं जाड आहेत, त्यामुळे डी कॉर्डला एकाच पडद्यात तीन बोटं बसवताना उरलेली मोकळी तार हमखास दबते. दोन बोटांनी तिन्ही तारा दाबून पाहिल्या, पण कॉर्ड बदलायला वेळ लागतो.

मला मुख्यतः भावगीतं आणि अभंगांच्या चाली वाजवायच्या आहेत, नुसती साथ नाही. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (जी-सी-ई-ए, त्यातला जी वरच्या सप्तकातला) पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरला तर त्याखाली सूरच नाही! म्हणून वरच्या जीऐवजी एक सप्तक खालच्या जीची तार लावून पाहिली. मंद्र पंचम मिळाला, पण सोप्रानोवर ती तार ढिली पडते आणि झणझणते.

मित्राचा कॉन्सर्ट वाजवून पाहिला, हाताला छान बसला. टेनर मात्र इथल्या दुकानांत हाताळायला मिळाला नाही, ऑनलाइनच मागवावा लागेल. वाचलंय त्यानुसार कॉन्सर्टची तार साधारण 15 इंच, टेनरची 17. टेनरहून मोठा बॅरिटोन नको, त्याचं डी-जी-बी-ई ट्यूनिंग म्हणजे सगळे कॉर्ड नव्याने बसवा. बजेट आठ हजारांपर्यंत. मांडी घालून, पट्ट्याशिवाय वाजवतो.

दोन्ही वापरलेल्यांना विचारायचंय: खालचा जी कॉन्सर्टवर नीट घुमतो का, की त्यासाठी टेनरच हवा? आणि टेनरवर पहिल्या ते चौथ्या पडद्यापर्यंत बोटं ताणताना त्रास होतो का?