नाताळच्या एकांकिकेत भांडणारे शेजारी एकत्र कसे आणावेत?

प्रश्न : नाट्यलेखिका, फोंडा

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यमंडळासाठी मी नाताळच्या पार्श्वभूमीवर सुमारे ४५ मिनिटांची विनोदी मराठी एकांकिका लिहीत आहे. कथा बार्देश तालुक्यातील एका गावात घडते. तेथे एका घरात निवृत्त मराठी शिक्षक राहतात आणि लगतच्या घरात आगबोटीवरची नोकरी संपवून परतलेले एक ख्रिस्ती गृहस्थ, ज्यांना सारा गाव तारवटी, म्हणजे खलाशी, म्हणूनच ओळखतो. शिक्षकांच्या आवारातील माड तारवटींच्या छपरावर झुकलेला आहे. आठ वर्षांपूर्वी त्यावरून पडलेल्या नारळांनी कौले फुटली, नुकसान कोणी भरायचे यावर शब्दाने शब्द वाढला, आणि तेव्हापासून एक पडवीत व दुसरा बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून रोज एकमेकांना पाहतात, परंतु बोलत नाहीत.

पहिल्या खर्ड्यात गावातील तरुण मंडळ या दोघांवर मिळून ख्रिस्तजन्माचा गोठा उभारण्याची जबाबदारी सोपवते, असे मी लिहिले होते. वाचनाच्या वेळी एका सहकाऱ्याने विचारले, की आठ वर्षे अबोला धरलेली माणसे मंडळाच्या सांगण्यावरून एकत्र का येतील. त्यांनी सरळ नकार दिला तर कोण काय करणार आहे? मला उत्तर देता आले नाही. शेवटही फसला आहे. चर्चची घंटा वाजते, दोघे एकमेकांची क्षमा मागतात आणि तेथून पुढे एकही माणूस हसत नाही. शिवाय एक पात्र हिंदू आणि दुसरे ख्रिस्ती असल्यामुळे हे भांडण धर्माचे आहे असा समज होऊ नये, याचीही मला मनापासून काळजी वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : बार्देशकर

आपल्या सहकाऱ्याचा आक्षेप योग्य आहे. गोठ्याचे काम वाटून घेता येते. एकाने गवत आणावे, दुसऱ्याने बांबू बांधावेत आणि दोघांनी परस्परांचे तोंडही पाहू नये. आपल्याला असे काम हवे, जे हातात घेतल्यावर खाली ठेवता येत नाही. नाताळच्या स्वयंपाकात ते आयतेच आहे, आणि ते म्हणजे दोदोल हा गोड पदार्थ ढवळणे.

नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून तांब्याच्या जाड भांड्यात चुलीवर ठेवले, की ते मिश्रण कडा सोडून तेल ओकू लागेपर्यंत सतत ढवळावे लागते. लहानपणी आमच्या शेजारच्या घरी मी हे काम केले आहे. पहिला अर्धा तास ते सोपे वाटते, पुढे ढवळायचा डाव जड होत जातो आणि खांदा भरून येतो, तरी थांबता येत नाही, कारण हात थांबला की तळ लागतो आणि तळ लागला की सगळा घाणा वाया जातो. म्हणूनच त्या चुलीपाशी एकटे माणूस कधी दिसत नसे; आळीपाळीने डाव घेणारे दोघे-तिघे असतच.

आता असे पाहा. २३ डिसेंबरची संध्याकाळ आहे. ढवळायला बोलावलेला मुलगा कॅरल गाणाऱ्यांच्या मागे निघून गेला आहे. तारवटींची पत्नी एकटी चुलीपुढे आहे, आणि त्याच वेळी शिक्षक एका फुटलेल्या नारळाची तक्रार घेऊन दारात उभे राहतात. ती बाई म्हणते, ‘मास्तर, एक मिनिट धरा,’ आणि डाव त्यांच्या हातात देऊन गूळ आणायला आत जाते. परत येतात ते तारवटी. मास्तरांना डाव टाकून जाता येत नाही आणि तारवटींना त्यांना घालवून देता येत नाही. त्या भांड्यातील दूध त्याच वादग्रस्त माडाच्या नारळांचे आहे, हे तारवटींच्या तोंडून हळूहळू बाहेर आले, तर मास्तर हक्काने तेथेच उभे राहतील, कारण जळाले तर त्यांचेच नारळ जळणार आहेत. यात कोणीही त्यांच्यावर सक्ती केलेली नाही, तरीही दोघे अडकले आहेत.

उत्तर २ : तालमी घेणारा, कुडाळ

वरील सूचना मला फार आवडली, कारण तिच्यात प्रयोगाची लयही दडलेली आहे. मिश्रण पातळ असताना भांडण भराभर चालू द्यावे, लांबलचक वाक्ये, जुने हिशेब, कौले किती फुटली आणि नारळ किती गेले याची मोजदाद. जसजसे दोदोल घट्ट होईल तसतशी वाक्ये आखूड व्हावीत, कारण धाप लागलेला माणूस पल्लेदार बोलू शकत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत ‘धर’, ‘सोड’, ‘खालून’ एवढेच शब्द उरले, तर आठ वर्षांचा अबोला कामाच्या बोलण्यात विरघळताना प्रेक्षकांना दिसेल, आणि त्यासाठी कोणाला भाषण करावे लागणार नाही.

मंचावर विस्तव ठेवू नये. भांड्याखाली तांबडा दिवा पुरेसा आहे. भांड्यात मात्र खरोखरच घट्ट भिजवलेली कणीक घालावी. रिकाम्या भांड्यात डाव फिरवणारा नट थकल्याचा अभिनय करतो आणि तो लगेच ओळखू येतो.

उत्तर ३ : माडाखालचा

भांडण धर्माचे वाटण्याची भीती बाळगू नये, मात्र त्यासाठी भांडणाचे कारण पूर्णपणे खरे आणि घट्ट असायला हवे. माड हे उत्तम कारण आहे. नारळ ज्याच्या अंगणात पडला त्याचा की ज्याचा माड त्याचा, यावर गावोगावी वाद झालेले आहेत. ‘मग माड तोडून का टाकत नाही?’ हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात येणारच, म्हणून त्याचे उत्तर संवादातच द्यावे. २०१६ साली गोव्यातील वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले होते. त्यावर मोठी टीका झाली आणि २०१७ साली त्याला पुन्हा संरक्षण देऊन राज्यवृक्ष ठरवण्यात आले. त्यामुळे मधल्या काळात माड तोडण्याची संधी असूनही मास्तरांनी तो तोडला नाही, हे तारवटींनी ढवळता ढवळता बोलून दाखवावे. मास्तरांच्या वडिलांनी लावलेला माड आहे, एवढे एकच वाक्य त्यावर पुरे होईल.

दोन्ही घरांतील स्त्रियांचाही विचार करावा. नाताळला शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवण्याची कोंसुआदची रीत अजूनही पाळली जाते, आणि चतुर्थीला हिंदू घरांतून नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातात. पुरुष बोलत नसले तरी आठही वर्षे ही ताटे मागच्या दाराने जात-येत राहिली आणि एकही ताट रिकामे परतले नाही, असे दाखवता येईल. मास्तर आठ वर्षे ज्या दोदोलाची वाखाणणी करत आले, ते कोणाच्या घरचे होते हे त्यांना त्या चुलीपुढेच कळावे.

उत्तर ४ : भाषेचा विद्यार्थी

एक सूचना भाषेविषयी. हे दोघे बालपणापासूनचे सोबती असतील, तर पूर्वी ते एकमेकांना ‘तू’ म्हणत असणार. भांडणानंतर क्वचित तोंड उघडावे लागलेच तर दोघेही ‘तुम्ही’ म्हणतात, असे ठरवावे. आपल्याकडे दुरावा दाखवायला आदरार्थी बहुवचनासारखे धारदार हत्यार नाही. मग दोदोल तळाला लागू लागते, तारवटींचा हात निसटतो, आणि मास्तर ओरडतात, ‘अरे, तू बाजूला हो!’ क्षणभर दोघेही थबकतात, पण ढवळणे थांबवता येत नाही. आपण शोधत असलेली क्षमायाचना या एका सर्वनामात होऊन जाईल.

तारवटींच्या मराठीत कोंकणी शब्द येणे स्वाभाविक आहे, परंतु त्यांची भाषा हास्यास्पद करू नये. गाणी हवी असल्यास तियात्राकडे, म्हणजे गोव्याच्या कोंकणी संगीतनाट्याकडे, पाहावे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ या पहिल्या तियात्राचा प्रयोग झाला, आणि पडद्यांच्या मधल्या वेळात कथानकाशी संबंध नसलेली कांतारां, म्हणजे गाणी, गाण्याची त्या रंगभूमीची पद्धत आजही टिकून आहे. कॅरल गाणारी मुले दोन-तीनदा दारावरून गेली, तर तेच काम साधेल आणि ढवळणाऱ्या नटांना दम खाता येईल.

लेखिका, फोंडा

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. गोठा मी पूर्णपणे काढून टाकत नाही. गोठ्यातील हिरवळीसाठी आधी काही दिवस थाळीत पेरलेली नाचणी मास्तरांच्या पडवीत उगवलेली दिसेल, कारण तारवटींच्या अंगणात सावली फार आहे आणि तीही त्या माडाचीच. क्षमेचे भाषण मी कालच खोडले.

नवा शेवट असा आहे. दोदोल ताटांत थापून झाले आहे, दोघेही पायरीवर खांदे चोळत बसले आहेत, आणि मास्तर विचारतात, ‘यात माझे नारळ किती?’ तारवटी म्हणतात, ‘अकरा.’ मास्तर म्हणतात, ‘तुझी कौले चौदा.’ छपरावर एक नारळ पडल्याचा आवाज येतो. दोघेही वर पाहत नाहीत. तारवटी तेवढे म्हणतात, ‘पंधरा.’