घटस्फोट झाला पण कागदांवर अजून सगळं जुनंच आहे, सुरुवात कुठून करू?

उन्हाळवारा:
माझा घटस्फोट होऊन ८ महिने झाले, मुलगी ६ वर्षांची, माझ्याकडेच असते. कोर्टाचा निकाल हातात आला तेव्हा वाटलं सुटले. काल विम्याचा हप्ता भरायला फाईल काढली तर नॉमिनी म्हणून त्याचंच नाव, माझ्याच अक्षरात, पुढे नातं: पती. बराच वेळ ते पान हातात धरून बसले होते. मग बाकीचंही बघितलं, तर ऑफिसच्या फंडाला आईचं नाव आणि आई जाऊन ३ वर्षं झाली, एक बँक खातं अजून जॉइंट, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि डिग्रीवर माहेरचं. आधी आडनाव बदलू की नॉमिनी? खरंच काही सुचत नाहीये.

शाईदौत:
ताई आधी नॉमिनी, आडनावासाठी अजिबात थांबू नका. निकाल लागला म्हणून विमा कंपनीला कोणी कळवायला जात नाही, त्यांच्याकडे शेवटचा जो फॉर्म जमा आहे तोच ते काढून बघणार. पण त्याच दिवशी सगळीकडे पत्ता आणि फोन नंबर पण बदला. माझं काय झालं, मी फॉर्म दिला आणि निश्चिंत झालो, दीड वर्षाने स्टेटमेंट बघतो तर जुनंच नाव, सही जुळली नाही म्हणून त्यांनी फॉर्म परत पाठवला होता आणि तो गेला जुन्या घरी. त्यामुळे नुसता शिक्का मारलेली पोच घेऊन येऊ नका, नवीन नाव छापलेला कागद मिळेपर्यंत पाठपुरावा करा.
आडनावाचं म्हणाल तर पहिलं ओळखपत्र, मग बँक, मग बाकी सगळं, आणि स्पेलिंग सगळीकडे एकच. निकालाच्या प्रमाणित प्रती एकदमच ४-५ काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी मागतात.

पैलतीर:
एकत्र कर्ज आहे का काही? असेल तर ते सगळ्यात आधी बघा. माझ्या बहिणीच्या वेळी घराचे हप्ते तो भरणार असं ठरलं, निकालातही तसं आलं, पण बँक काही त्या ठरावात नव्हती, कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या म्हणजे बँक कोणाकडेही पूर्ण रक्कम मागू शकते. त्याने ३ हप्ते चुकवले आणि फोन हिला यायला लागले, क्रेडिट स्कोअर हिचाही पडला. बँकेकडून नाव कमी केल्याचं लेखी पत्र येईपर्यंत ते कर्ज तुमचंच धरा.
जॉइंट खातं बंद करायच्या आधी त्यातून आपोआप काय काय कापलं जातं ते बघा, नाहीतर विम्याचाच हप्ता राहून जायचा.

उन्हाळवारा:
कर्ज नाही, नशीब. पण नॉमिनीत मुलीचं नाव टाकलं तर चालेल ना? ती तर एवढीशी आहे.

सांजदिवा:
नाव टाकता येतं पण अल्पवयीन मुलाच्या हातात कोणी पैसे देत नाही, तिच्या वतीने कोण घेणार तेही लिहावं लागतं. ते लिहिलं नसेल तर बऱ्याच ठिकाणी हयात असलेल्या पालकाकडेच कारभार जातो, म्हणजे फिरून त्याच्याकडेच. तुम्हाला ते चालणार असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर विश्वासातल्या माणसाचं नाव आत्ताच घाला, आणि घालायच्या आधी त्याला विचारा.
दुसरं म्हणजे मृत्युपत्र. नॉमिनी कुठे थेट मालक होतो तर कुठे फक्त वारसांपर्यंत पैसे पोचवणारा असतो, त्यामुळे दोन्हीकडे मजकूर जुळला पाहिजे. आधीचं मृत्युपत्र असेल तर घटस्फोटाने ते आपोआप बदललं असं गृहीत धरू नका, काही देशांत बदलतं आणि काही ठिकाणी जसंच्या तसं उभं राहतं. नवीन करताना ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका. एखादं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सह्या आणि व्यवहार करायचा अधिकार, त्याच्या नावे दिलेलं असेल तर तेही लेखी रद्द करा आणि जिथे जिथे दाखवलं असेल तिथे कळवा.

उन्हाळवारा:
कुलमुखत्यारपत्र! फ्लॅटच्या वेळी दिलं होतं, साफ विसरले होते, सापडलं आत्ता. भावाला फोन केला मुलीसाठी, लगेच हो म्हणाला, आवाज भरून आला होता त्याचा. उद्या अर्धी रजा टाकलीये, आधी पत्ता आणि नंबर, मग विम्याचा फॉर्म, आणि हे रद्द करायला वकिलांची वेळ घेतलीये. नाव छापून आलं की इथे सांगते.