बेनिनमध्ये कापूस पिकतो, मग टॉवेल बाहेरून का घेतात?

टॉवेलवाला, सोलापूर
अक्कलकोट रस्त्यावर आमचे यंत्रमाग आहेत. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमधून टॉवेलसाठी विचारणा आली आहे. नकाशात तो टोगो आणि नायजेरिया यांच्यामधल्या उभ्या पट्टीसारखा दिसतो. कापूस घरचा असताना त्यांना आमचा माल का हवा आहे, आणि देश एकंदरीत कसा आहे, हे जाणकारांनी सांगावे.

कोतोनूहून परतलेला
दादा, कापूस हे तिथले मुख्य नगदी पीक खरे, पण सरकी काढून त्याच्या गाठी बहुतांशी बांगलादेशासारख्या देशांकडे जातात. सूतकताईपासून शिवणापर्यंतचे काम ग्लो-जिग्बे औद्योगिक क्षेत्रात अलीकडेच सुरू झाले आहे. काजूवर तिथेच प्रक्रिया व्हावी म्हणून २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातही बंद केली आहे.

मात्र पैसा खेळतो तो कोतोनू बंदरामुळे. तिथे उतरलेला तांदूळ आणि जुन्या मोटारी पुढे नायजेरियात जातात, त्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये नायजेरियाने सीमा बंद केली तेव्हा व्यापाऱ्यांचे धाबे दणाणले. उलट दिशेने चोरटे पेट्रोल येते. रस्त्याकडेच्या टेबलावर काचेच्या बाटल्या मांडलेल्या असतात, दुचाकी टॅक्सीवाला थांबला की विक्रेती नरसाळ्यात फडके घालून टाकीत पेट्रोल ओतते. पंपापेक्षा मला हेच जास्त दिसले.

दर युरोत द्या. तिथला सीएफए फ्रँक युरोशी बांधलेला असून एका युरोला ६५५.९५७ फ्रँक हा दर ठरलेला आहे. कागदपत्रे फ्रेंचमध्ये लागतील.

निवृत्त इतिहास शिक्षक
१९७५ पर्यंत या देशाचे नाव दाहोमी होते. त्या नावाच्या जुन्या राज्याची राजधानी असलेल्या अबोमेत कापडावर रंगीत तुकडे शिवून राजांची चिन्हे करतात: ग्लेलेचा सिंह, बेहान्झिनचा शार्क. आपल्या गोधडीचे ठिगळ फाटके झाकते, तिथले ठिगळ राजवंशाचा इतिहास सांगते. फ्रेंचांनी नेलेल्या २६ राजवस्तू २०२१ मध्ये परत आल्या. तिथला वोदून (व्हूडू) म्हणजे जादूटोणा, हा चित्रपटांनी पसरवलेला गैरसमज आहे. तो पूर्वज आणि निसर्गदेवतांच्या उपासनेचा धर्म असून जानेवारीत, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, त्याची राष्ट्रीय सुट्टी असते.

टॉवेलवाला, सोलापूर
आभारी आहे. नमुन्यात पांढरे टॉवेल ठेवू की रंगीत?

कोतोनूहून परतलेला
दोन्ही ठेवा, पण रंगीत अधिक. कोतोनूच्या दांतोक्पा बाजारात मेणछपाईच्या कापडांच्या थप्प्यांशेजारी फिकट माल नजरेतच भरत नाही.