म्युझियमला जाताय? मग आधी कुठलं दालन बघायचं?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं. नावांच्या जागी घरांचे नंबर आहेत.)

ए-१०४: नमस्कार मंडळी. रविवारी आधुनिक कलेच्या म्युझियमला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई. तिथे सध्या एक तात्पुरतं प्रदर्शन लागलंय, पण त्याचं तिकीट वेगळं आहे. घ्यावं का? की नेहमीची दालनं बघून परत यावं?

सी-५०१: माझं मत विचाराल तर आधी नेहमीची दालनं. नावाजलेली चित्रं तिथेच असतात. वेळ उरला तर बाकीचं बघा.

बी-३०२: काका, मी नेमकं उलटं सांगेन. म्युझियमचा स्वतःचा संग्रह पुढच्या वर्षीही बहुतेक तिथेच असतो. तात्पुरत्या प्रदर्शनातली कितीतरी चित्रं मात्र बाहेरून मागून आणलेली असतात, मुदत संपली की ती आपापल्या घरी जातात. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचंच घ्या. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ४५ कामं होती आणि ती ३० वेगवेगळ्या संग्रहांतून गोळा केली होती. काही संस्थांकडची, काही खाजगी. प्रदर्शन नंतर व्हेनिसला गेलं आणि २०१६ च्या जानेवारीत संपलं. आता ती कामं ओळीने बघायची म्हटलं तर तेवढी सगळी दारं वाजवावी लागतील. त्यातली खाजगी दारं आपल्यासाठी कोण उघडणार?

ए-४०३: पण ताई, ही चित्रं आता ऑनलाइन दिसतातच ना?

बी-३०२: दिसतात, पण अर्धीच. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरवायच्या बोथट पात्याने, रंगाचे थर चढवायचे. फोनवर ते सगळं मिळून एक सपाट पिवळं किंवा करडं दिसतं. समोर उभं राहिलं की खालचा थर कुठून वर डोकावतोय, कुठे रंग ओढून पातळ केलाय, कुठे तो जाड साचलाय, हे कळायला लागतं. दोन पावलं बाजूला सरकून तिरकं बघ. तेच चित्र वेगळं वाटतं. हे पडद्यावर होत नाही, कितीही मोठं करून बघितलं तरी.

सी-५०१: ते मान्य. पण मग वेगळे पैसे कशाला?

बी-३०२: चित्र आणायलाच खूप खर्च येतो, काका. प्रत्येक चित्राच्या मापाची पेटी बनते. मौल्यवान कामासोबत ते देणाऱ्या म्युझियमचा माणूस येतो. पेटी पोचली तरी लगेच उघडत नाहीत. आतली हवा आणि दालनातली हवा जुळावी म्हणून साधारण २४ तास ती तशीच बंद ठेवतात. मग उघडून निघतानाची आणि आल्यानंतरची अवस्था ताडून बघतात, एखादा ओरखडा असला तर त्याची नोंद होते. शिवाय विमा. परत जाताना हेच सगळं पुन्हा.

डी-२०२: मी मागे एका प्रदर्शनाला गेले होते, तिथे इतका अंधार की पाटीवरचं नावसुद्धा वाचता येईना. म्हाताऱ्या माणसांचा काही विचार नको का?

बी-३०२: काकू, पाट्यांची अक्षरं मोठी हवीतच, ही तुमची तक्रार रास्त आहे. अंधाराचं कारण मात्र कागद. कागदावरची कामं उजेडाने फिकी पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सइतकाच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) प्रकाश ठेवतात, आणि काही महिने दाखवून झाले की ती पुन्हा अंधारात विसाव्याला जातात. चित्रकार नसरीन मोहमदींची शाई-पेन्सिलची रेखाटनं घ्या, केसाइतक्या बारीक रेषा असतात त्यांच्या. आत गेल्यावर दाराशीच थोडा वेळ थांबायचं. डोळे सरावले की त्या रेषा हळूहळू वर येतात. घाईने आत शिरणाऱ्याला तो कागद कोराच वाटतो.

ए-१०४: सासूबाईंना फार वेळ उभं राहवत नाही. आणि मुलं कंटाळली तर?

बी-३०२: दोघांनाही एकच उपाय. आधी न थांबता सगळ्या दालनांतून एक चक्कर मारायची, पाट्या न वाचता. मग ज्याने ज्याला धरून ठेवलं, त्या तीन-चार चित्रांपाशी परत जायचं आणि बसायचं. बऱ्याच ठिकाणी घडीचं स्टूल किंवा व्हीलचेअर मागितली की मिळते. आधी फोन करून विचार. पाटी शेवटी वाचायची. आधी वाचली की आपण चित्रात फक्त पाटीवरचंच शोधत बसतो.

मुलांना फ्रेंच चित्रकार मातिसच्या होडीची गोष्ट सांग. १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये कागद कापून केलेलं त्यांचं ‘ल बातो’ (म्हणजे होडी) हे चित्र उलटं टांगलेलं होतं. होडीचं शीड आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब, एवढंच चित्र. तब्बल ४७ दिवस ते तसंच होतं आणि लाखाहून जास्त लोक त्याच्यासमोरून गेले.

सी-५०१: हेच तर मी म्हणतो! उलटं की सुलटं तेही कळत नाही, मग अशा चित्रात बघायचं काय?

बी-३०२: कळलं ना, काका, आणि ते तिकीट काढून आलेल्या एका बाईंना कळलं! जास्त तपशिलाची आकृती खाली आणि साधी वर, हे त्यांना पटेना. खऱ्या शिडापेक्षा प्रतिबिंबात कलाकार जास्त बारकावे का भरेल? त्यांनी कॅटलॉग काढून पडताळलं आणि मग म्युझियमला चित्र फिरवावं लागलं. त्या बाई कुणी समीक्षक नव्हत्या. एका चित्रासमोर थांबल्या आणि नीट बघितलं, बस्स.

सी-५०१: हे मात्र माहीत नव्हतं. तरी पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धावरच्या भल्यामोठ्या चित्रासारखं काही बघायचं तर नेहमीच्याच दालनात जावं लागतं, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल.

बी-३०२: अगदी मान्य. ते आता स्पेनमधल्या माद्रिदच्या रेइना सोफिया म्युझियममधून हलत नाही. पूर्वी गावोगावच्या प्रदर्शनांसाठी इतक्यांदा गुंडाळलं-उलगडलं गेलं की कॅनव्हासला इजा झाली. पण काका, ते काढलं होतं १९३७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या मंडपासाठी. तेही तात्पुरतंच प्रदर्शन होतं.

ए-४०३: फोटो काढू देतात का?

बी-३०२: फ्लॅश बहुतेक कुठेच चालत नाही. तात्पुरत्या प्रदर्शनात कधीकधी फोटोच बंद असतात, कारण चित्रं दुसऱ्यांची आणि परवानगी त्यांची. वही नेलीस तर पेन नको, पेन्सिल ने. पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवायची, वळताना चित्राला लागते.

ए-१०४: ताई, प्रदर्शन अजून महिनाभर आहे असं लिहिलंय. मग थोडं थांबून निवांत जाऊ का?

बी-३०२: नको गं. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम उगवतात, चित्रापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. मधल्या वारी जमेल का?

ए-१०४: मुलांची शाळा असते.

बी-३०२: मग रविवारीच, पण दार उघडतानाची वेळ घे. आणि तात्पुरत्या प्रदर्शनापासून सुरुवात कर, पाय ताजे असतानाच.

ए-१०४: सकाळची पहिली वेळ मिळाली, तिकिटं काढतेय. डी-२०२ काकू, तुम्ही येताय का? गाडीत एक जागा आहे.

डी-२०२: येते. जवळचा चष्मा घेऊन येते.